कच्ची वही

"कचरा आहे हो तो, बाई. पुसून टाका," साहेब म्हणाले आणि त्यांनी डाव्या अंगठ्याचं नख कापलं.

नख उडालं. आमचे साहेब नखं कायम दुसऱ्याच्या टेबलावर कापत. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर काच होती. ते नख बाईंच्या कीबोर्डवर पडलं, दोन बटणांच्या मधल्या फटीत शिरलं आणि दिसेनासं झालं. ताटात केस निघाल्यावर आपण जसं पाहतो तसं बाईंनी त्या फटीकडे पाहिलं.

मी दारात नवी बादली घेऊन उभा होतो. यंत्राच्या खोलीतला एसी गेली तीन वर्षं गळत होता. त्याच्याखाली ठेवलेल्या बादलीत हिरवट बुळबुळीत थर धरला होता आणि खोलीला ओल्या पायपुसण्याचा वास येत होता. एसी दुरुस्त करण्याचा अर्ज कुठल्या तरी फायलीत झोपला होता. बादली मात्र एका दिवसात मंजूर झाली, कारण बादली म्हणजे काय ते साहेबांना कळत होतं.

मी या रक्तपेढीचा भांडारपाल. सगळे मला भांडारी म्हणतात. सुया, पिशव्या, चिकटपट्ट्या, बादल्या, जे येईल ते मोजून घ्यायचं आणि सही पाहून द्यायचं, एवढंच माझं आयुष्य. पेन कानावर असतं. बायको म्हणते, झोपेतसुद्धा काढत नाही.

"साहेब, तो कचरा नाही," बाई म्हणाल्या. "यंत्राची कच्ची वही आहे ती."

"वह्या आपण बंद केल्या ना दोन वर्षांपूर्वी?"

हे मात्र खरं होतं. आमच्या पेढीच्या सात शाखा. प्रत्येक पिशवीला नंबर. तिचा गट कोणता, कुणी दिली, तपासणी झाली का, कुठल्या फ्रिजमध्ये आहे, देण्याजोगी आहे की रोखून ठेवायची, हे सगळं पूर्वी रजिस्टरात असे. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी पेढी कागदमुक्त केली. इथून पुढे एकही कागद दिसता कामा नये, असा हुकूम त्यांनी अकरा प्रतींत काढला. तीनशे अठरा रजिस्टरं माझ्या भांडारात येऊन पडली. शाखांनी एकमेकींना फोन करणंही बंद झालं. स्क्रीन पाहा, असा दुसरा हुकूम होता.

"असं बघा साहेब." बाई लहान मुलाला समजावताना ठेवतात तसा आवाज खाली ठेवून बोलत होत्या. "यंत्रात एक कारकून बसलाय समजा. नोंद आली की तो आधी कच्च्या वहीत खरडतो. सवड मिळाली की तीच नोंद नीट जागा शोधून पक्क्या वहीत उतरवतो. मध्येच वीज गेली तरी हरकत नाही. उठला की कच्ची वही वाचतो आणि राहिलेलं पुरं करतो. ती वही फाडली, तर पक्की वही अर्धवट राहील. आणि कुठे अर्धवट आहे हेसुद्धा कळणार नाही."

"बाई, मला कारकून नको. मला जागा पाहिजे." साहेबांनी दुसऱ्या बोटाला हात घातला. "चार वाजता पाहणी समिती येतेय. भिंतीवरच्या पडद्यावर ती लाल पट्टी, 'जागा संपत आली'. कसं दिसतं ते?"

"जागा पाहिजे तर तुमच्या उद्घाटनांची चित्रीकरणं हलवू या. एकेचाळीस आहेत. याच डिस्कवर आहेत. या आठवड्यात तीन नवीन चढली, म्हणून तर पट्टी लाल झाली."

"ती संस्थेचा इतिहास आहेत."

"मग नवी डिस्क द्या. एकोणीस आठवडे भांडारात आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं. डिस्क होती, तिसऱ्या फळीवर, खोक्यात, पावसाळी चपलांच्या शेजारी. मागणीपत्रही होतं. त्यावर साहेबांची सही नव्हती. सही नाही तर वस्तू नाही. हा माझा बाणा, आणि मला त्याचा अभिमान होता.

"पाहतो ती सही," साहेब म्हणाले. "पण आज चारच्या आत पट्टी हिरवी झाली नाही, तर बाई, तुमची खुर्ची या खोलीत राहणार नाही. मी सांगतो तेव्हा सांगतो."

साहेबांनी कात्री मिटली, टेबलावरची उरलेली नखं तळहाताने खाली सारली आणि ते गेले.

बाईंनी खणातून दात घासायचा जुना ब्रश काढला. कीबोर्ड उलटा करून झटकला, फटी घासल्या. नखाच्या तीन चंद्रकोरी पडल्या.

"शी!" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं या माणसांच्या पाठीमागची घाण काढतेय मी, भांडारी. आता तर नखंसुद्धा."

पेढीत त्यांना 'आधीलिहा' म्हणत. कारण त्यांचं एकच पालुपद: आधी लिहा, मग हात लावा. यंत्रात काहीही बदलायचं असलं की त्या आधी खाकी पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत, वेळ घालून. काय करणार, का करणार, बिघडलं तर परत कसं येणार. मग करत. मग 'झालं' लिहीत, पुन्हा वेळ घालून. कागदमुक्तीच्या धामधुमीत माझ्या भांडाराबाहेरची ती एकच वही वाचली होती. त्यांनी ती साडीच्या निऱ्यांत धरून माझ्या देखत बाहेर नेली होती, आणि मी मोजणीत एक कमी दाखवून गप्प बसलो होतो. माझ्या चाकरीतला तो एकमेव गुन्हा. त्याच्या जोरावर मी स्वतःला त्यांचा मित्र समजत असे.

एकदा त्यांच्या घरी कागदावर सही आणायला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराला पाटी टांगलेली, तिच्यावर खडूने: '९.१० बाहेर जाते. शेगडी बंद करणार.' खाली: '९.१२ केली.' त्यांचे यजमान शिंपी. तोंडात टाचण्या धरून म्हणाले, "बघताय काय? या घरात दोन भित्री माणसं राहतात. मी कापायच्या आधी दोनदा मोजतो. ही मोजायच्या आधी लिहिते. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा हिने कुठे नोंद केली होती का, ते मात्र मला अजून सापडलं नाही."

"केली होती," आतून बाई म्हणाल्या. "बिघडलं तर परत कसं यायचं, तो रकाना कोरा सोडलाय."

हसताना शिंप्याच्या तोंडातल्या टाचण्या पडता पडता राहिल्या.

ही सवय त्यांना आपोआप लागलेली नव्हती. चोविसाव्या वर्षी त्या एका वाचनालयात कामाला होत्या. तिथल्या वरिष्ठांनी सांगितलं, यंत्रातलं हे जुनं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, पुसून टाका, कुणी वापरत नाही. त्यांनी पुसलं. त्यात पुस्तकं परत आल्याच्या नोंदी होत्या. महिन्याभराने एका निवृत्त मास्तरांना दारातच अडवलं: तुमच्याकडे अकरा पुस्तकं आहेत. मास्तर म्हणाले, दिली. यंत्र म्हणालं, नाही दिली. मास्तर पुन्हा आले नाहीत. वरिष्ठ हसले, "पुस्तकंच तर होती!" बाई सांगत, त्या हसण्याची त्यांना अजून किळस येते, आणि त्याहून जास्त आपल्या बोटाची, ज्याने बटण दाबलं त्याची.

तेव्हापासून टेबल पुसायची त्यांची रीत ठरली. सरळ पुसायचं नाही. आधी त्याचं नाव बदलायचं, नावापुढे 'मेलेलं' लावायचं आणि बाजूला ठेवायचं. महिनाभर वाट पाहायची. "कोणी रडतं का बघायचं," त्या म्हणत. "कुणाला ते लागत असेल, तर आरडाओरडा होतोच. मग नाव परत द्यायचं. महिन्यात कोणी रडलं नाही, तर मग खुशाल पुसा."

त्या दिवशी बाईंनी वहीत लिहिलं: '१.३५. जागा करायला नोंदींच्या जुन्या राखीव प्रती दुसऱ्या यंत्रावर हलवणार. त्याआधी तपासणी कक्षाला नोंदी थांबवायला सांगणार.' आणि त्या मागच्या इमारतीत तपासनीसाला सांगायला गेल्या. फोन उचलत नव्हता तो. कधीच उचलत नसे.

मी बादली बदलत होतो. जुनीतला हिरवा थर हाताला लागला होता आणि मी तो पुसायला फडकं शोधत होतो, एवढ्यात झटपट आला.

झटपट म्हणजे साहेबांचा उपप्रमुख. चाळिशीचा, केस नीट, बूट नीट, प्रत्येक कामाला 'दोन मिनिटं' म्हणणारा. यंत्राच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे.

"बाई नाहीत ना? उत्तम." तो त्यांच्या खुर्चीवर बसला. "साहेब म्हणाले लॉग उडव, ती बाईंची कच्ची वही. दोन मिनिटांचं काम आणि या बाई दोन वर्षं कीर्तन लावतात."

"त्या नको म्हणाल्या होत्या," मी म्हणालो.

"भांडारी, तुम्ही बादली बघा."

मी बादली पाहिली. त्याने टकटक केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग त्याने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. पट्टी लालच.

"अरे? गेल्या की फायली. यादीत नाहीत. जागा का मोकळी होत नाही?" त्याने पुन्हा टकटक केलं. पट्टी हलली नाही. "हं. बंद करून चालू करायला लागेल." तो उठला आणि यंत्राच्या मागे, मुख्य बटणाकडे गेला.

"थांबा जरा, त्यांना येऊ दे," मी म्हणालो. इतक्या हळू, की एसीच्या थेंबाचा आवाज त्याहून मोठा असेल.

"हात काढा."

बाई दारात होत्या. धावत आलेल्या असणार, कारण मागून तपासनीस धापा टाकत येत होता. त्यांनी स्क्रीनकडे एक नजर टाकली. चेहऱ्यावर राग आला नाही. गटारावरचं झाकण उघडल्यावर माणूस नाक बंद करतो, तसा चेहरा आवळला.

"काय काय पुसलंत?"

"लॉगच्या फायली. दोन्ही. साहेबांनी सांगितलं."

"कच्ची वही फाडली," बाई म्हणाल्या. "कारकून लिहीत असताना."

"पण जागा मोकळी झालीच नाही!" झटपट म्हणाला, जणू त्यालाच फसवलं गेलं होतं.

"होणार कशी? तुम्ही फळीवरचं नाव पुसलंत. वही त्याच्या हातात आहे अजून. तो तिच्यातच लिहितोय. त्याच्या हातात आहे तोवर ती जिवंत आहे. तुम्ही बटण दाबून त्याचा गळा दाबलात की वही त्याच्याबरोबर गेली. मग जागा होईल मोकळी. भरपूर होईल."

तपासनीस भिंतीला टेकला. जाड माणूस, दम्याचा. "बाई... मी सकाळी साडेदहाला चार पिशव्या रोखल्यात. एका रक्तदात्याचा नवा अहवाल वाईट आला. त्याचं आधीचं रक्त चार शाखांत गेलंय, फ्रिजमध्ये आहे. मी फक्त स्क्रीनवर 'रोखा' केलंय. ती नोंद..."

"कच्च्या वहीत आहे. पक्कीत गेली असेल, नसेल. आज डिस्क इतकी भरलीय की कारकून फार मागे पडलाय."

"गेली तर शाखांना त्या पिशव्या चांगल्या दिसतील!"

"हो."

"नंबर लिहून ठेवले असते, पण वही ठेवायची नाही ना..."

बाईंनी चारही नंबर स्क्रीनवरून वाचून दाखवले. तपासनीसाने ते तळहातावर लिहिले, कागद नव्हता म्हणून. "यांना फोन करा," त्या म्हणाल्या, "हुकूम असो नसो. पण या चार तुम्हाला आठवल्या म्हणून चार. सकाळपासून सातही शाखांच्या नोंदी आहेत. कुणाला काय आठवणार आहे?"

मग त्यांनी खाकी वही उघडली आणि लिहिलं. आपल्याच घराला आग लागलेली असताना कुणी पत्ता नीट अक्षरात लिहावा, तसं. '१.५०. कच्ची वही चालू यंत्रातून पुसलेली आढळली. यंत्राला रीतसर बंद व्हायला सांगणार. सर्व नोंदी पक्क्या वहीत उतरल्याशिवाय वीज तोडू नये.' वही माझ्यापुढे धरली.

"भांडारी, तुम्ही इथे होतात. काय पाहिलंत ते दोन ओळींत लिहा. सही करा."

नेमके तेव्हाच साहेब आत आले.

माझा हात कानाकडे गेला. पेन तिथेच होतं. मी कान खाजवला.

"हाताला घाण लागलीय," मी म्हणालो. "बादलीची."

खोटं नव्हतं. हात खरंच बरबटलेले होते. बाईंनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. वही मिटली, स्क्रीनवर हुकूम दिला आणि बटणाच्या पुढे स्वतःची खुर्ची ओढून त्या पाठ लावून बसल्या.

"काय चाललंय हे?" साहेब म्हणाले.

"यंत्र बंद होतंय, साहेब. रीतसर. पावणेदोन तास लागतील."

"पावणेदोन तास? समिती येतेय! दाबा ते बटण, लगेच चालू करा!"

"नाही."

"बाई, उठा."

"चारनंतर माझी खुर्ची इथे राहणार नाही म्हणालात ना. अजून चार वाजले नाहीत. तोवर बसते."

झटपट हसला आणि साहेबांचा चेहरा पाहून खोकला.

स्क्रीनवर एक आकडा होता. उतरायची राहिलेली पानं: एक लाख ऐंशी हजार. मी मोजणारा माणूस, माझी नजर तिथेच खिळली. एक लाख एकोणऐंशी. एक लाख अठ्ठ्याहत्तर. साहेब बोलत होते. शिस्त, संस्था, प्रतिमा, बायकांची जिद्द, पगार कोण देतं. बाई बटणाला पाठ लावूनच होत्या. मांडीवर हात ठेवून त्या आकड्याकडे पाहत होत्या. तपासनीस दारातल्या फोनवर एकेका शाखेला ओरडून नंबर सांगत होता, तळहात डोळ्यांपुढे धरून. तिसऱ्या शाखेने त्याला सांगितलं, फोन करायचा नाही असा हुकूम आहे. त्याने जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. पण पिशवी रोखली गेली.

साठ हजारांवर आकडा अडकला. पाच मिनिटं हलला नाही. साहेबांनी खिशातून ती कात्री काढली आणि उजव्या हाताची नखं कापायला सुरुवात केली. कट. कट. एक नख बाईंच्या पदरावर पडलं. त्यांनी ते झटकलंही नाही. हलल्या असत्या तर खुर्ची सरकली असती.

"मेलंय ते," झटपट म्हणाला. "अडकलंय. दाबतो मी."

"अडकलं नाही. शोधतंय," बाई म्हणाल्या. "मोठं पान आहे."

एकोणसाठ हजार.

समिती सव्वातीनला आली. पाहणी समित्या कधी लवकर येत नाहीत; ही आली. चार माणसं, गळ्यात ओळखपत्रं. भिंतीवरच्या पडद्यावर 'सेवा तात्पुरती बंद' एवढंच होतं. साहेब त्यांना दाखवायला उद्घाटनांची चित्रीकरणं शोधत होते, पण तीही त्याच यंत्रात होती. चौघांनी पंधरा मिनिटं चहा घेतला, वहीत काहीतरी टिपलं आणि ते गेले. हो, वहीत. कागदाच्या.

तीन चाळीसला आकडा शून्य झाला. बाईंनी यंत्र पुन्हा चालू केलं. त्याने स्वतःसाठी नवी कच्ची वही उघडली. मग त्यांनी तपासनीसाच्या तळहातावरचे नंबर एकेक करून पाहिले. रोखा. रोखा. रोखा. रोखा. मग सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी मोजल्या: चारशे बारा. एकही कमी नाही. खाकी वहीत त्यांनी लिहिलं, '३.५२. झालं.'

पट्टी लालची पिवळी झाली होती.

चौकशी आठ दिवसांनी झाली. साहेबांनीच नेमली, साहेबच अध्यक्ष. प्रश्न एवढाच होता: समितीच्या वेळी यंत्र बंद का होतं आणि कुणी केलं? त्याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. बाईंनी केलं. स्वतःच लिहूनही ठेवलं होतं, वेळ घालून. ती वही हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला, आणि शिवाय कागदमुक्तीचा भंग. लॉग कुणी पुसले याची कुठेही नोंद नव्हती, कारण ती नोंद जिथे होत असे ती फाइलही झटपटने मागाहून दोन मिनिटांत साफ केली होती. तपासनीसाने सांगून पाहिलं, पण तो बाईंच्या मागून आला होता. पुसताना त्याने पाहिलं नव्हतं.

मला विचारलं, "एक ते दोनच्या दरम्यान आपण कुठे होता?"

"बादली बदलून भांडारात गेलो," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"नोंद नाही केली."

बाई समोरच बसल्या होत्या. मी कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. का ठेवलं माहीत नाही. तिथे ते टोचायला लागलं होतं.

निकाल लागला. झटपटला 'जागेच्या प्रश्नात तत्परतेने लक्ष घातल्याबद्दल' प्रशस्तिपत्र, छापील, जाड कागदावर. बाईंना काढलं नाही. जुन्या इमारतीत 'विशेष कामगिरी' दिली. जुन्या इमारतीत मोडकी कपाटं आणि उंदराच्या लेंड्या होत्या. कामगिरी काय ते पत्रात लिहिलं नव्हतं. दारावर पाटी नव्हती, फोन नव्हता, यंत्र नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या नव्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. फक्त 'रिक्त' होतं.

जाताना त्या भांडारावरून गेल्या. मी काहीतरी पुटपुटलो. होईल सगळं नीट, असं काहीतरी.

"बरोबर केलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "हीच पद्धत आहे. एकदम पुसायचं नाही. नाव बदलून बाजूला ठेवायचं. महिनाभर बघायचं, कोणी रडतं का."

दुसऱ्याच दिवशी झटपट नव्या डिस्कच्या मागणीपत्रावर सही घेऊन आला. शाई ओली होती. मी खोका दिला. पाच मिनिटं. एकोणीस आठवडे तिसऱ्या फळीवर होता तो. मला सही लागत होती, दुसरं काही नाही.

मी दिवस मोजले. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्या आठवड्यात यंत्र दोनदा अडलं. त्यांना बोलवा असं कुणीतरी म्हणालं आणि झटपटने बंद-चालू केलं. दहाव्या दिवशी एका शाखेत एकच पिशवी दोन ठिकाणी दिसली. तपासनीसाने बाईंचं नाव काढलं, साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तो खोकत गेला. त्याच्या तळहातावर हल्ली कायम शाई असे. पंधराव्या दिवसानंतर त्यांचं नाव कुणी काढलंच नाही. जुनी इमारत माझ्या खिडकीतून दिसते. दुपारी एक वाजता त्या पायरीवर बसून डबा खात, एकट्या. साठ पावलं असतील. मी गेलो नाही. कामं होती.

एकतिसाव्या दिवशी त्या भांडारात आल्या. राजीनामा दिला होता. साहेबांनी तो मात्र सहीसकट एका तासात मंजूर केला होता.

"परत करायच्या वस्तू," त्या म्हणाल्या. यंत्राच्या खोलीची किल्ली. ती परत घ्यायचीही कुणाला आठवण झाली नव्हती. कीबोर्ड, त्यांच्या नावावर दिलेला. स्वच्छ होता तो, इतका की बटणांच्या फटींतून खालचं काळं दिसत होतं. दात घासायचा ब्रश त्यांनी मागे ठेवला. "तो माझा."

मी रजिस्टरात यंत्राच्या खोलीचं पान उघडलं. भांडाराचं रजिस्टर कागदमुक्तीतून सुटलं होतं, कारण भांडार साहेबांच्या लक्षातच आलं नव्हतं. वरच्या ओळीत डिस्क दिल्याची नोंद होती, तारखेसकट. त्यांनी ती वाचली.

"ताई," मी म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ताई म्हणालो. "त्या दिवशी मी..."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावर तसाच राहू दिला.

"लिहा," त्या म्हणाल्या.

मी पेन काढलं. किल्ली एक. कीबोर्ड एक. मग शेऱ्याचा रकाना आला. दोन बोटं रुंद. त्यात मावणार नाही इतकं मला लिहायचं होतं: एक वाजून किती मिनिटांनी कोण आलं, कुणाच्या खुर्चीवर बसलं, काय पुसलं, आणि बादली धरून कोण उभा होता. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथे शाईचा ठिपका पसरायला लागला. मग माझ्या हाताने, तीस वर्षं जे लिहीत आला तेच लिहिलं. चालू स्थितीत परत.

"वेळ घाला," बाई म्हणाल्या.

मी घड्याळात पाहून वेळ घातली. शेवटचा आकडा पुरा होईपर्यंत त्यांनी किल्लीवरचा हात काढला नाही.